‘हा पडदा अस्तित्वात नाही’

परीक्षण म्हटले की ते पुस्तकाचे, नाटकाचे किंवा फार तर पाठ्यपुस्तकाचे, अशी आपली समजूत असते. येथे आम्ही ज्या मजकुराचे परीक्षण करणार आहोत, त्याच्या लेखकाचे नाव कोठे छापलेले नाही. वाचक मात्र जगभर आहेत, आणि त्यांतला एकही तो आपण होऊन वाचायला घेत नाही. मोठ्या कंपन्यांचा हिशेब, खरेदी, गोदाम, पगार हे सारे एकत्र सांभाळणारी जी सॉफ्टवेअर असतात, त्यांत पडद्यावरचा एखादा भाग जागेवर मिळाला नाही की जो संदेश झळकतो, तो हा मजकूर. शिक्षकांच्या मासिकात याचे काय काम, असे कोणी विचारील. एखादी गोष्ट ‘नाही’ असे कशाच्या आधारावर म्हणावे, हा विज्ञान शिकवताना बहुधा वगळला जाणारा प्रश्न आहे, आणि या संदेशात तो अगदी उघड्यावर पडलेला दिसतो. म्हणून हा खटाटोप.

या जातीच्या सॉफ्टवेअरला ईआरपी म्हणतात. त्यातले सर्वांत परिचित नाव सॅप. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ साली जर्मनीत ही कंपनी काढली. तिचे मुख्य ठाणे वॉलडॉर्फ या गावी आहे. १९९२ मध्ये तिची ‘आर/३’ ही प्रणाली आली. तिची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सारी माहिती एका यंत्रावर साठवलेली असते, प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर चालतात, आणि कारकुनाच्या टेबलावरचा संगणक दुरून आलेल्या वर्णनाबरहुकूम फक्त चित्र काढतो. ‘येथे एक रकाना काढ, त्याला हे नाव दे, खाली एक बटण ठेव’ असे वर्णन दर वेळी तारेवरून येते. म्हणजे रकाना दिसला नाही तर त्याचे कारण टेबलावरच्या यंत्रात असण्याची शक्यता मुळात कमी.

सॅपच्या भाषेत पडदा म्हणजे संगणकाची काच नव्हे. एका वेळी समोर येणारा, छापील अर्जासारखा नमुना म्हणजे एक पडदा. त्याला ‘डायनप्रो’ असे नाव आहे. ‘डायनॅमिक प्रोग्रॅम’ या दोन शब्दांचा तो जोडतुकडा. नाव समर्पक आहे, कारण पडद्याबरोबर त्याची स्वतःची छोटी आज्ञावलीही असते. तिचा एक भाग पडदा दिसण्यापूर्वी चालतो, दुसरा आपण काही भरून कळ दाबल्यावर. कोणता रकाना दाखवायचा आणि कोणता लपवायचा, हे पहिल्या भागात ठरते. प्रत्येक पडदा कोणत्या तरी प्रोग्रॅमच्या मालकीचा असतो आणि त्याला चार आकडी क्रमांक असतो. प्रोग्रॅमचे नाव आणि हा क्रमांक, एवढाच त्याचा पत्ता.

आता मूळ मजकूर. प्रोग्रॅमने एखादा पडदा मागवला आणि तो मिळाला नाही, तर काम तेथेच थांबते आणि एक लांबलचक निवेदन पुढे येते. त्याला ‘शॉर्ट डंप’ म्हणतात. (लांबलचक कागदाला ‘शॉर्ट’ का म्हणावे, हे आम्हाला अजून उमगलेले नाही.) त्यात प्रकरणे पाडलेली असतात: काय घडले, तुम्ही काय करू शकता, चुकीचे विश्लेषण, दुरुस्ती कशी करावी, आणि शेवटी ज्या ओळीवर प्रोग्रॅम अडला तिच्या आसपासचा उतारा. ही मांडणी चांगली आहे. आमच्या मते शाळेच्या प्रयोगवहीतल्या ‘साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष’ यापेक्षा ती अधिक प्रामाणिक आहे, कारण ती घटना आणि तिचा अर्थ वेगळे ठेवू पाहते. ‘काय घडले’ या प्रकरणात तर, ‘दुर्दैवाने’ पार पाडता येणार नाही अशी आज्ञा समोर आल्यामुळे प्रोग्रॅम थांबवावा लागला, असे सांगितलेले असते. यंत्राने दुर्दैवाचा उल्लेख करावा, याची आम्हाला नेहमी गंमत वाटते.

घोटाळा विश्लेषणाच्या प्रकरणात आहे. या चुकीचे अधिकृत नाव आहे ‘डायनप्रो नॉट फाउंड’, म्हणजे पडदा सापडला नाही. आत मजकूर मात्र असा, की अमुक प्रोग्रॅममधला अमुक क्रमांकाचा पडदा वापरण्याचा प्रयत्न झाला; हा पडदा अस्तित्वात नाही. शीर्षकात ‘सापडला नाही’ आणि पोटात ‘अस्तित्वात नाही’! पहिले विधान शोधणाऱ्याविषयी आहे, दुसरे जगाविषयी. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी कशी मारली, याचा खुलासा कोठेही नाही.

प्रत्यक्षात काय झालेले असू शकते? मोठ्या कंपन्यांत या सॉफ्टवेअरच्या सहसा तीन प्रती असतात. एकीत प्रोग्रॅम लिहितात, दुसरीत तपासतात, तिसरीत खरा कारभार चालतो. एकीकडून दुसरीकडे बदल गाठोडे बांधून नेले जातात. गाठोड्यात प्रोग्रॅम बांधला आणि पडदा राहून गेला, तर लिहिणाऱ्याकडे सारे सुरळीत चालते आणि खऱ्या कारभारात पडदा ‘नाही’. किंवा पडदा तयार करून जतन केला, पण कार्यान्वित करण्याची पायरी राहिली. मग तो आहेही आणि नाहीही. किंवा कंपनीने मूळ पडद्यात आपला जोडपडदा बसवला, पण तो जोडणारा प्रकल्प चालूच केला नाही. किंवा पडद्याचा क्रमांक प्रोग्रॅमने हिशेब करून काढला आणि तो हिशेब चुकला. या वेळी मागितलेला पडदा खरोखरच कधी कोणी केलेला नसतो. एवढ्या साऱ्या परिस्थितींना संदेश एकच, आणि तो अक्षरशः खरा आहे शेवटच्या एका परिस्थितीत. पहिल्या परिस्थितीत ‘या यंत्रणेत नाही’ एवढेच खरे आहे. दुरुस्तीला निघालेल्या माणसाला नेमके हेच तीन शब्द हवे असतात.

याच सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या कोपऱ्यातले वाक्य याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहे. सॅपचा पडदा माणसाऐवजी दुसऱ्या प्रोग्रॅमकडून भरून घेण्याची सोय आहे. रोज दोनशे बिले त्याच पद्धतीने नोंदवायची असली, की एकदा माणसाने केलेल्या कृती टिपून घेतात आणि त्या पुनःपुन्हा चालवतात. हा नकली कारकून रकान्याची पाटी वाचत नाही. त्याच्याजवळ पत्ता असतो: खिडकी क्रमांक शून्य, तिचा मधला भाग, त्यातला अमुक प्रकारचा अमुक नावाचा रकाना. पत्त्यावर कोणी नसले की चूक क्रमांक ६१९ येते. तिचे म्हणणे असे, की या ओळखखुणेने घटक सापडू शकला नाही. हे वाक्य आम्हाला फार आवडते. शोधले कशाने, हे त्यात आहे. आणि शोध फसला, यापलीकडे दावा नाही. ओरॅकल कंपनीच्या ‘फॉर्म्स’मध्ये तसाच प्रसंग आला तर, रकान्याच्या निर्देशाचा उलगडा करता आला नाही, अशा आशयाचा संदेश येतो. भाषा रुक्ष आहे, पण भूमिका नेमकी आहे: मला कळले नाही, ते नाही असे मी म्हणत नाही.

या नकली कारकुनाचे एक दुखणे विज्ञानशिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावे असे आहे. पडद्यावर तक्ता असतो. त्यात पन्नास ओळी असल्या तरी खिडकीत मावतात तेवढ्याच एका वेळी दिसतात; बाकीच्या सरकवून पाहाव्या लागतात. जुन्या धाटणीच्या तक्त्यांत टिपून ठेवलेल्या प्रोग्रॅमला त्या क्षणी दिसणाऱ्या ओळीच तेवढ्या हाती लागतात. मोठ्या काचेसमोर बसून कोणी विसाव्या ओळीपर्यंतच्या कृती टिपल्या आणि त्या लहान काचेच्या संगणकावर चालवल्या, तर बारा-पंधरा ओळींनंतर ‘सापडले नाही’. एका टेबलावर चालणारा प्रयोग शेजारच्या टेबलावर फसतो, आणि प्रोग्रॅममध्ये तर एका अक्षराचाही फरक नसतो! तसेच, टिपताना मध्येच एक छोटी खिडकी ‘खात्री आहे का?’ असे विचारायला आली असेल, तर प्रोग्रॅम रोज त्या ‘खिडकी क्रमांक एक’ची वाट पाहतो. ज्या दिवशी प्रश्न विचारण्याचे कारण पडत नाही, त्या दिवशी खिडकी येत नाही आणि काम बंद पडते. येथे हरवले आहे ते एक गृहीतक, पडद्याचा भाग नव्हे.

संदेशच येत नाही, फक्त रकाना दिसत नाही, असा प्रकार याहून अवघड. आणि कार्यालयातल्या माणसाला छळणारा प्रकार बहुधा हाच. खर्चाची नोंद करायची आहे. हा खर्च कोणत्या विभागाच्या नावे पडला, ते सांगणारा ‘खर्चकेंद्र’ नावाचा रकाना भरायचा आहे, आणि तो पडद्यावर नाही. शेजारच्या बाईंच्या पडद्यावर आहे. नोंद अडते, पुरवठादाराचे बिल अडते, आणि ‘तुम्हीच काहीतरी दाबले असेल’ हे वाक्य खालच्या पायरीवरच्या माणसाला ऐकावे लागते.

खरे कारण असे. रकाना दाखवायचा की नाही, हे सॅपमध्ये एकाच जागी ठरत नाही. ज्या खात्यात नोंद करायची त्या खात्याचा एक नियम असतो, आणि कोणत्या प्रकारची नोंद आहे (खर्चखात्यात नावे टाकायचे तर ४० ही किल्ली) तिचा दुसरा नियम असतो. प्रत्येक नियम रकान्याबद्दल तीनपैकी एक गोष्ट सांगतो: लपवा, भरायलाच हवा, किंवा भरला तरी चालेल. शेजारच्या बाई दुसऱ्या खात्यात नोंद करत होत्या, म्हणून त्यांना रकाना दिसला. दोघींच्या संगणकांत काही फरक नव्हता. एक नियम ‘लपवा’ म्हणाला आणि दुसरा ‘भरायलाच हवा’ म्हणाला तर? लपवलेला रकाना भरायचा कसा? अशा वेळी सॅप जो संदेश देते तो आदर्श म्हणून भिंतीवर लावावा असा आहे: किल्ली ४० आणि अमुक खाते यांचे नियम ‘खर्चकेंद्र’ या रकान्यासाठी चुकीचे ठरवले आहेत. दोन्ही पक्षांची नावे, भांडणाचा विषय, आणि दोष वापरणाऱ्याचा नसून ठरवणाऱ्याचा आहे याची कबुली, हे सारे एका वाक्यात. म्हणजे चांगले वाक्य लिहिता येत नाही, अशी सबब या घराला सांगता येणार नाही.

मालाच्या नोंदवहीत मात्र असे भांडण मुकाट्याने मिटवले जाते. मालाचा प्रकार, कारखाना, उद्योगाची जात, अशा अनेकांचे नियम एकत्र येतात आणि ‘लपवा’ म्हणणारा जिंकतो. दहा जण ‘दाखवा’ म्हणाले आणि एक ‘लपवा’ म्हणाला, तर रकाना गेला. पडद्यावर त्याची रिकामी जागासुद्धा राहत नाही. न दिसण्याची खूणच दिसू नये, ही व्यवस्था आम्हाला या सबंध रचनेतली सर्वांत सदोष वाटते.

आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात या प्रश्नाचा चांगला खल झालेला आहे. भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धी’ हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले, पण एक अट घालून. जमिनीवर घडा नाही असे म्हणायचे, तर उजेड हवा, डोळे धड हवेत, घडा दिसण्याजोगी वस्तू हवी. थोडक्यात, असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. हीच ‘योग्यानुपलब्धी’. ज्याला दिसण्याची योग्यताच नाही, त्या पिशाचाच्या न दिसण्यावरून ते नाही असे सिद्ध होत नाही, असे बौद्ध तार्किकांनी बजावले होते. यावरून प्राचीनांना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये. पण ‘असता तर दिसला असता का?’ हा प्रश्न रकाना शोधणाऱ्याने पहिल्याने विचारायचा असतो. या खात्याला हा रकाना लागू आहे का? या माणसाला तो पाहण्याचा अधिकार आहे का? तो दुसऱ्या टॅबवर, म्हणजे वहीच्या कडेला लावलेल्या दुसऱ्या पट्टीमागे तर नाही? नैयायिकांचा प्रागभाव (अजून झालेला नाही) आणि प्रध्वंसाभाव (होता, नष्ट झाला) हे भेदही येथे उपयोगी पडतात: पडदा अजून पोचायचा आहे, की नव्या आवृत्तीत काढून टाकला? दोन्ही प्रसंगी संदेश तोच येतो, उपाय अगदी उलट असतात. अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव ओढूनताणून बसवण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

आधुनिक विज्ञानातले उदाहरण हवे असेल तर नेपच्यूनचे आहे. बर्लिनमध्ये २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री गालेने तो ‘शोधला’. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंब्रिजच्या चॅलिसच्या दुर्बिणीत तो येऊन गेला होता आणि ओळखला गेला नव्हता. गॅलिलिओने तर १६१२-१३ च्या हिवाळ्यात त्याची नोंद तारा म्हणून केली होती. पत्ता बरोबर नसला की समोरची वस्तूही सापडत नाही. उलट, ज्या ल व्हेरिएच्या गणिताने नेपच्यून सापडला, त्यानेच १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेतल्या विसंगतीवरून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असे सुचवले. तो सापडेना. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने ती विसंगती ग्रहाविनाच उलगडली, तेव्हा कोठे ‘सापडत नाही’चे ‘नाही’ झाले. मधली छप्पन वर्षे शोधणाऱ्यांना त्या दोन शब्दप्रयोगांतले अंतर पाळावे लागले.

पुन्हा आपल्या संदेशाकडे. ‘तुम्ही काय करू शकता’ या प्रकरणात पहिली सूचना अशी असते, की कोणत्या कृतींमुळे आणि काय भरल्यामुळे चूक झाली ते टिपून ठेवा. सूचना शास्त्रीय आहे. दुसरी, व्यवस्थापकाला भेटा. हेही ठीक. पण टिपणार कोण आणि कशावर? पडद्यावर टिपण्याला जागा नाही, आणि मनःस्थिती तर त्याहून नाही. शिवाय ‘कोणत्या कृतींमुळे’ या शब्दांतच वापरणाऱ्याला कारण ठरवून टाकले आहे. ‘चूक होण्यापूर्वी’ म्हटले असते तरी भागले असते. आधी घडले म्हणून त्यामुळे घडले, ही गफलत आपण आठवीच्या मुलाला समजावून सांगतो.

प्रचलित तोडग्यांबद्दल आमचे मत याहून कडक आहे. रकाना दिसत नाही म्हटले की फोनवरून सल्ला येतो: संगणक बंद करून चालू करा, साठलेल्या तात्पुरत्या फायली पुसा, सॉफ्टवेअर पुन्हा टाका. कधी यांतले काही लागू पडतेही. जुने चित्र साठून राहिले असेल तर ते पुसल्याने नवे येते. पण तिन्ही गोष्टी एकदम केल्या आणि रकाना आला, तर कशाने आला ते कधीच कळत नाही. नाही आला, तर पुरावा मात्र पुसला जातो. त्यापेक्षा त्याच टेबलावर शेजारणीच्या नावाने नव्हे, तर तिने आपल्या नावाने प्रवेश करून पाहावा. तिला रकाना दिसला तर दोष टेबलाचा नाही, माणसाच्या अधिकाराचा किंवा मांडणीचा आहे. मग त्याच माणसाने दुसरे खाते घेऊन पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अधिकाराच्या शंकेसाठी तर सॅपमध्ये ‘एसयू ५३’ अशी आज्ञाच आहे. आपली कोणती परवानगी नुकतीच नाकारली गेली, ते ती दाखवते. दोन मिनिटांचे काम आहे, पण ती माहीत असलेला कारकून आम्हाला क्वचितच भेटला.

या टीकेला एक उत्तर देता येईल आणि ते वजनदार आहे. सारे खरे सांगणे सुरक्षित नसते. इतरांच्या पगाराचा रकाना ज्याने पाहू नये, त्याला ‘येथे एक रकाना आहे, पण तुम्हाला दाखवणार नाही’ असे सांगणे म्हणजे अर्धे सांगून टाकणेच. वेबच्या नियमांतही, निषिद्ध पान मागितले तर ‘निषिद्ध’ न म्हणता ‘४०४, सापडले नाही’ म्हणण्याची मुभा सर्व्हरला दिलेली आहे. येथे ‘सापडले नाही’ हे जाणूनबुजून पांघरलेले मौन आहे. ते आम्हाला मान्य आहे. पण खर्चकेंद्राचा रकाना काही गुपित नव्हे, आणि गाठोड्यात बांधायचा राहिलेला पडदा तर नव्हेच. थोड्या जागी लागणारे मौन सगळीकडे पसरवले, की प्रामाणिक चूक आणि मुद्दाम लपवणे एकसारखेच दिसू लागतात. २०१३ पासून सॅपने ‘फिओरी’ नावाचे, ब्राउझरमध्ये चालणारे नवे पडदे आणले. ते दिसायला सुबक आहेत. पण त्यांतही घटकाला निर्मात्याने स्वतः नाव दिले नसेल तर यंत्र आपोआप क्रमांकी नाव देते, आणि ते दर खेपेला तेच राहील याची शाश्वती नसते. पत्त्याचे जुने दुखणे नव्या घरातही राहायला आले आहे.

आमच्या हाती असते तर त्या शॉर्ट डंपमधले वाक्य आम्ही असे लिहिले असते: ‘अमुक प्रोग्रॅमचा ०१०० क्रमांकाचा पडदा या यंत्रणेत, कार्यान्वित पडद्यांत शोधला, मिळाला नाही. अकार्यान्वित प्रतींत शोधला; मिळाला किंवा नाही. क्रमांक प्रोग्रॅममध्ये लिहिलेला होता, किंवा चालताना काढलेला होता.’ तीन ओळी होतात. जेथे पानेच्या पाने छापली जातात तेथे एवढी जागा निघावी.

शाळेत सॅप नसते, पण तक्ते करण्याचा प्रोग्रॅम बहुतेक संगणक-कक्षांत असतो, आणि तेवढ्यावर हा सगळा विषय करून पाहता येतो. वर्गातल्या गुणांचा एकच तक्ता चार संगणकांवर ठेवावा. एकावर ‘विज्ञान’चा स्तंभ लपवावा, दुसऱ्यावर तो पुसून टाकावा, तिसऱ्यावर त्याचे नाव बदलून ‘सायन्स’ करावे, चौथ्यावर तो उजवीकडे दूर, सरकवल्याशिवाय दिसणार नाही असा न्यावा. मुलांना सर्व ठिकाणी एकच काम द्यावे: विज्ञानाचे गुण शोधा, आणि ‘नाहीत’ असे लिहायचे असेल तर कोठे कोठे पाहिले तेही लिहा. पहिल्या संगणकावर एखाद्या चौकस मुलीच्या लक्षात येईल की स्तंभांची अक्षरे सी नंतर एकदम ई अशी आहेत. पुसलेल्या स्तंभाच्या जागी मात्र अक्षरे पुन्हा ओळीने लागलेली असतात. तो होता की नव्हता हे तेथे अक्षरांवरून कळत नाही. मग एकूण गुणांची बेरीज पडताळून पाहावी लागते. त्यासाठी तक्ता देताना एकूण गुणांचा स्तंभ सूत्राऐवजी आकडे लिहूनच भरलेला असावा, नाहीतर पुसताक्षणी बेरीजही बदलेल.